धरणारा पट्टा, सुटणारा चाप

दिवाळी अंकासाठी माझ्या कामाबद्दल लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा आमच्या मंडळींना वाटलं, निरोप चुकून आमच्याकडे आला असावा. "पट्ट्यावर कोन काय वाचणारे?" असं म्हणून ती भाजी निवडायला बसली. मलाही तसंच वाटलं होतं. पट्टा ही काही लक्षात राहणारी वस्तू नाही. तो तुटला, तरच माणूस त्याच्याकडे बघतो. पण माझ्या एका पट्ट्याने मला असं काही गोंधळात टाकलं की अजूनही त्यातून मी पुरता बाहेर आलेलो नाही. म्हटलं, तेवढं तरी लिहून टाकावं.

नगरच्या केडगावात पुणे रस्त्याला माझं दुकान होतं. दुकान कसलं, एक जाड कापडाचं शिलाई मशीन, एक फळी आणि गिऱ्हाइकासाठी एक बाकडं. मी पट्टे शिवायचो. चामड्याचे नाहीत, नवारीचे. खाटेला असते तीच नवार, पण जाड आणि घट्ट विणीची, दोन पदर एकावर एक ठेवून शिवलेली. नगर हे लष्कराचं गाव. लिलावात निघालेलं जुनं सामान भिंगारच्या बाजूला विकायला यायचं. त्यात पोलादी चाप सापडायचे. मी ते उकळून, घासून, स्प्रिंग बदलून माझ्या पट्ट्यांना लावायचो. एका बाजूला दोन जिभांचा तुकडा, दुसऱ्या बाजूला चौकट. जिभा आत ढकलल्या की टक् आवाज होऊन बसतात. मग बैल जुंपून ओढा, सुटत नाहीत. पण दोन्ही कडांना चिमटीत दाबलं की पट्टा क्षणात मोकळा. गिऱ्हाइकं त्याला चापाचा पट्टा म्हणायची.

पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमाराला लोकांच्या कमरेला अचानक फार गोष्टी लटकायला लागल्या होत्या. बॅटरी, पक्कड, किल्ल्यांचे जुडगे, ठेकेदारांचे पेजर. साध्या पट्ट्याने पँट खाली यायची आणि माणूस दिवसभर एका हाताने ती वर ओढत काम करायचा. असे सगळे माझ्याकडे यायचे. मी त्यांना पट्टा कसा निवडायचा ते सांगायचो, आणि फुकट सांगायचो. पट्टा आडवा धरा. हातभर पुढे काढल्यावर मान टाकली तर घेऊ नका, ओझ्याने तो कमरेत दुमडणार. टोकाची शिलाई बघा, चौकोन असला पाहिजे आणि चौकोनात फुली. नुसती सरळ शिवण असेल तर ती एका बाजूने उसवत जाते. चाप ओझं लावून दाबून बघा, कारण मोकळा पट्टा कोणताही सुटतो. आणि डाव्या हाताने दाबून बघा, ओल्या हाताने दाबून बघा. गरज पडते तेव्हा उजवा हात कोरडा आणि मोकळा असेलच असं नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. एक निवृत्त हवालदार यायचे. नवा पट्टा घेतला की माझ्या दुकानाच्या आढ्याला बांधून स्वतः त्याला लोंबकळायचे. पट्टा टिकायचा, आढं करकरायचं. राजूरहून एक शाळामास्तर आले होते. बराच वेळ बाकड्यावर बसून राहिले आणि दुसरं गिऱ्हाईक गेल्यावर हळूच म्हणाले, "लवकर सुटणारा द्या हो. पोटाचा भरवसा नाही माझ्या. वर्गातून तिथवर पोचतो, पण या पट्ट्याच्या काट्यापाशी अडतो." मी त्यांना सर्वांत हलका चाप लावून दिला. पुढच्या खेपेला त्यांनी माझ्यासाठी हिरडे आणले होते.

आता अंबादासची गोष्ट.

अंबादास जामखेडकडचा. विहिरींची खोदाई करणाऱ्या टोळीत होता. त्या कोरड्या पट्ट्यात विहीर पाडायची म्हणजे खडकात उतरायचं. काठावर यारी असते, म्हणजे इंजिनावर चालणारी उचलणी. तिच्या तारेला मोठी लोखंडी बकेट. तळात माणसं दगड फोडून बकेट भरतात, शिट्टी वाजली की यारीवाला ती वर ओढून घेतो. अंबादास तळातला माणूस. कमरेला छिन्न्यांची पिशवी, हातोडी, बॅटरी. अंगाने वाळकी काडी, पण दंड असे की शर्टाच्या बाह्या उसवलेल्या.

तो पहिल्यांदा आला तेव्हा बायकोही बरोबर होती, चंद्रकला. पट्टा कसा हवा यावर दोघांनी माझ्या फळीसमोर भांडण मांडलं.

"भाऊ, येका दाबात सुटाया पायजे," अंबादास म्हणाला. "बकेट वर जाताना कडी कुठं अडकली तर मला मोकळं व्हता आलं पायजे. मागं आमच्यातला येक असाच वढला गेल्ता."

"सुटनारा कशाला?" चंद्रकला म्हणाली. "धरनारा द्या. ह्ये तळात उतरत्यात, मी हितं वरनं जीव मुठीत धरून बसते. पट्टा सुटला आन् पडले म्हंजी?"

"तळात असल्यावर पडू कुठं?"

"ते मला ठाव न्हाई. घट्ट द्या."

मी दोघांनाही हो म्हणून मान डोलावली. धंद्याची ती रीतच आहे. आणि खरं सांगायचं तर चापाच्या पट्ट्याचं तेच वैशिष्ट्य मी मिरवायचो, की तो धरतोही आणि सोडतोही. पट्टा शिवला, पिशवीची कडी त्यालाच भक्कम टाके घालून जोडली. अंबादासने डाव्या हाताने दहादा उघडून पाहिला. चंद्रकलेने एक टोक पायाखाली धरून दुसरं ओढून पाहिलं. दोघंही खूश होऊन गेली. असं क्वचित होतं.

दसऱ्यानंतर काही दिवसांनी त्यांच्या टोळीचा मुकादम दुकानात आला. हातात पेढ्यांचा पुडा. बाकड्यावर बसून त्याने मला पेढा भरवला आणि म्हणाला, "उत्तमभाऊ, तुमच्या पट्ट्यानं मानूस वाचला."

झालं असं होतं, की बकेट वर निघाली आणि अंबादासच्या पिशवीची कडी बकेटच्या आकड्यात अडकली. इंजिनाच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही. यारीवाल्याचं लक्ष गेलं तेव्हा बकेटखाली माणूस लटकत होता, विहिरीच्या अर्ध्याच्या वर, खाली नुसता खडक. थांबवलं असतं तर बकेट हेलकावे खाऊन भिंतीवर आपटली असती, म्हणून त्याने तसाच हळू वर घेतला. काठावर आल्यावर चौघांनी धरला आणि पट्टा विळ्याने कापून त्याला सोडवला. खांद्याचं हाड मोडलं, बरगड्या दुखावल्या. "पन पट्टा तुटला न्हाई," मुकादम म्हणाला. "दुसऱ्याचा असता तर आमी खालनं गोळा केला असता."

माझी छाती फुगली हे कबूल करायला हरकत नाही. पुडा मी फळीवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

दुसऱ्या दिवशी चंद्रकला आली. एकटीच, एसटीने. डोक्यावरचा पदर घट्ट आवळलेला. तिने पिशवीतून कापलेला पट्टा काढला आणि माझ्या फळीवर टाकला.

"तुमच्या पट्ट्यानं माझा मानूस मेला असता," ती म्हणाली.

मी पट्ट्याकडे बघितलं, पेढ्यांच्या पुड्याकडे बघितलं. पेढा पुढे करावा अशी वेळ नव्हती.

"सुटला न्हाई तो," ती म्हणाली. "त्यांनी खाली असतानाच दाबला. पाय जमिनीवर हुते तवा. दोन्ही हातांनी दाबला. सुटलाच न्हाई. मंग वर गेले. सुटनारा, सुटनारा म्हनून घेतला ना? का न्हाई सुटला, तेवढं सांगा. मला दुसरं काय नगं. खांदा बसला की ते परत उतरायचं म्हनत्यात. कशाच्या भरवशावर उतरू द्यायचं मी?"

मी पट्टा हातात घेतला. नवार मधोमध कापलेली, चाप मात्र तसाच बंद. मी दाबला. हलेना. अंगठ्यांची नखं पांढरी पडेपर्यंत दाबला, तरी हलेना. माझ्या हातून गेलेला चाप मलाच उघडता येत नव्हता आणि समोर ती बसली होती.

मी एकेक प्रश्न विचारायला लागलो. दगडाचा चुरा गेला असेल का? "चुरा रोजच जातो. रोज सुटत हुता की." गंज? "ते रोज पुसत्यात." कुणी आपटला, वाकवला? "न्हाई." पाण्यात पडला? "न्हाई." शेवटचा कधी सुटला होता? तिने आठवून सांगितलं, खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. मग सणाचे दोन दिवस काम बंद.

"त्या दोन दिवसांत कुणी हात लावला?"

"कोन लावील? देवापुढं हुता," ती म्हणाली.

हे मी ऐकलं आणि पुढचा प्रश्न विचारला. इथेच वाचकांना थोडं घरचं सांगावं लागेल. आमचं घर बौद्ध. छप्पन सालानंतर आजोबांनी देव्हारा उचलला तो उचललाच. खंडेनवमीला आसपासच्या सगळ्या दुकानांत यंत्रांना हळदकुंकू लागायचं, झेंडूच्या माळा पडायच्या. माझं मशीन त्या दिवशी नेहमीसारखं चालायचं, फार तर मी तेल घालायचो. त्यामुळे हत्याराची पूजा म्हणजे काय काय करतात, हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. आणि ते सांगावं हे तिच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं, कारण श्वास घेतला हे कुणी सांगत बसत नाही. आम्ही दोघं एका बंद चापाकडे बघत बसलो होतो आणि दोघांनाही काही कळत नव्हतं.

शेवटी मी एका वाटीत रॉकेल घेतलं, चाप त्यात बुडवला आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने फटीतून घासायला लागलो. रॉकेल लाल झालं. आधी वाटलं गंज. पण गंज असा लाल नसतो. मग मनात आलं, रक्त. पण एवढ्या दिवसांचं रक्तही असं नसतं. मी वाटी उजेडात धरली. टाचणीने कोरलं, तर फटीतून एक तांदळाचा दाणा निघाला, पिवळा झालेला. त्यामागे आणखी एक. दोन्ही बाजूंच्या जिभांमागे स्प्रिंग दबायला जी एवढीशी जागा असते, नेमकी तिथे ते बसले होते आणि तेलात कालवलेल्या कुंकवाने आत लिंपले गेले होते.

मी दाणे तळहातावर घेऊन बघत राहिलो. मला अजूनही कळलेलं नव्हतं. कळलं तिला.

"कुंकू हाय ते," ती म्हणाली. "अक्षता हायेत. म्या टाकल्यात."

मग तिने सगळं सांगितलं. खंडेनवमीला तिने हातोडी, छिन्न्या आणि पट्टा पाटावर मांडला होता. पट्टा गोल दिसावा म्हणून चाप लावूनच. आणि कुंकू नेमकं चापावरच लावलं होतं, कारण नवऱ्याचा जीव त्या चापात, हे ती रोज ऐकत होती. जिथे जीव तिथे कुंकू जास्त. दसऱ्यानंतर पहिल्या दिवशी कामावर जाताना अंबादासने पूजा मोडायला नको म्हणून चाप उघडलाही नाही. नवार सैल करून पट्टा पायांतून वर चढवला आणि ओढून घट्ट केला. म्हणजे तो सुटत नाही हे कुणालाच कळलं नव्हतं, बकेट त्याला ओढायला लागेपर्यंत.

ती रडली नाही. फळीची कड धरून बसून राहिली. मग म्हणाली, "म्हंजी म्याच केलं ह्ये."

मी चाप दाबला. टक् करून सुटला. अगदी सहज. तो आवाज ऐकून मला आयुष्यात कधी वाईट वाटलं नव्हतं, त्या दिवशी वाटलं. तिला काय सांगावं? नाही म्हणावं तर दाणे माझ्या तळहातावर होते. हो म्हणावं तर मुकादमाचा पुडा समोर होता. कारण वर गेल्यावर काय? अर्ध्या विहिरीवर लटकलेला माणूस घाबरून काय करतो? तो चापच दाबत असतो. तिथे चाप सुटला असता तर?

हे मी तिला सांगितलं की नाही, नीट आठवत नाही. काहीतरी पुटपुटलो असेन. ती उठून गेली. पट्टा नेला नाही. मी पेढ्यांचा पुडा फळीखाली ठेवला आणि त्या दिवशी दुसरं काम केलं नाही. माझ्या पट्ट्याने माणूस मारला होता की वाचवला होता? बरं, पट्ट्याने की कुंकवाने? रात्री मंडळींना विचारलं, तर ती म्हणाली, "जेवा आधी."

थंडी संपता संपता दोघं परत आली. अंबादासचा हात गळ्यातल्या झोळीतून निघाला होता, पण खांदा एका बाजूला जरा उतरलेला. चंद्रकला त्याच्यामागे उभी, बाकड्यावर बसायला तयार नाही. तो मात्र बसला आणि हसायला लागला.

"भाऊ, हिनं घरी जेवन सोडलं हुतं. म्या म्हनलं, आगं, खाली दाबला तवा सुटला असता तर खांदा वाचला असता. वर दाबला तवा सुटला असता तर समदाच गेलो असतो. आन् म्या दोन्ही येळेला जीव तोडून दाबीत हुतो. आता त्या कुंकवाला शिव्या घालू का त्याच्या पाया पडू?"

"मला काही कळत नाही," मी म्हणालो.

"मलाबी न्हाई," तो म्हणाला. "पन उतरावं तर लागंल. नवा पट्टा द्या."

"कसा?"

"सुटनारा," तो म्हणाला. त्याच वेळी मागून ती म्हणाली, "धरनारा."

मी त्यांना आठवड्याने या म्हटलं. आणि मला झोप लागेना. पट्टा सुटला तरी धोका, न सुटला तरी धोका, मग शिवायचं काय? मशीनवर बसायचो आणि उठायचो. एकदा असाच तो जुना कापलेला पट्टा उलटापालटा करताना पिशवीच्या कडीपाशी नजर गेली. बकेटमध्ये पट्टा अडकलाच नव्हता. अडकली होती पिशवीची कडी, आणि ती मी स्वतः इतक्या भक्कम टाक्यांनी शिवली होती की हत्ती बांधला तरी हलली नसती. तिला भक्कम असायचं कारणच नव्हतं. छिन्न्या पडल्या तर पडल्या, खालीच पडणार, परत उचलता येतात.

मग मी नवा पट्टा शिवला. नवार, चाप, चौकोन-फुली, सगळं पहिल्यापेक्षा घट्ट. पण पिशवी साध्या सुती दोऱ्याने, मोजके टाके घालून जोडली. जोराचा हिसका बसला की पिशवी फाटून वेगळी झाली पाहिजे. आयुष्यभर कच्च्या शिलाईला नावं ठेवली, दुसऱ्यांचे पट्टे हातात घेऊन दुकानदारांची अब्रू काढली, आणि त्या दिवशी मुद्दाम कच्चं शिवताना माझा हात खरंच अडखळला. दोन टाके जास्त पडले ते उसवावे लागले. शेवटी पट्ट्याच्या मागच्या बाजूला, पाठीच्या मणक्यावर येईल तिथे, पांढऱ्या कापडाचा एक लहान चौकोन शिवला. चापापासून शक्य तितका लांब.

दोघं आली. अंबादासने पिशवी हिसकली, ती टर्रकन हातात आली. तो बघतच राहिला. "ह्ये बरं हाय," म्हणाला. "ह्ये आदी का न्हाई सुचलं?" मी पिशवी पुन्हा तेवढ्याच टाक्यांनी शिवून दिली आणि फाटली की दोरा घालून घ्यायचा कसा, ते दाखवलं. चंद्रकलेने पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"ह्ये काय?"

"कुंकवाला जागा," मी म्हणालो. "इथे हवं तेवढं लावा. चापाला लावू नका."

ती त्या चौकोनाच्या कडेवरून बोट फिरवत होती. तिला राग आला की बरं वाटलं, मला ओळखता आलं नाही. पट्टा घेऊन दोघं गेली. तो पुन्हा विहिरीत उतरायला लागल्याचं मुकादमाकडून कळलं.

पुढच्या नवरात्रात, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, मी मशीनला तेल घालत होतो. चंद्रकला आली. पिशवीतून तो पट्टा काढला, सात-आठ महिने वापरून मऊ झालेला, पांढरा चौकोन कोरा. त्याच्याशेजारी कुंकवाचा करंडा ठेवला.

"तुमी लावा," ती म्हणाली.

"मी?"

"माझा हात जात न्हाई. लावाय घेतलं की ते अधांतरी दिसत्यात. न लावावं तर समदी म्हनत्यात, नवऱ्याच्या हत्याराला कुंकू न्हाई. दोन दिस झाले, पाटावर मांडते आन् उचलते."

मी तिला सांगितलं, आमच्यात हे करत नाहीत. आजोबांपासून नाही. मी देवासाठी कुंकू लावणार नाही, ते मला जमायचं नाही.

"देवाचं मी बघते," ती म्हणाली. "चाप कुठं हाय आन् कुंकू कुठपातुर न्यायचं, ते तुमालाच ठाव हाय. म्हनून तुमी."

मी आजोबांना आठवलं, तिच्याकडे बघितलं, आणि काय बरोबर ते मला त्या क्षणी अजिबात कळलं नाही. अजूनही सांगता येणार नाही. मी बोट करंड्यात घातलं आणि पांढऱ्या चौकोनाच्या बरोबर मधोमध एक टिकली लावली, शिलाईच्या आत राहील अशी. मग बोट पुसून पट्टा फिरवला आणि चाप दाबला. सुटला. लावला, पुन्हा दाबला. सुटला. तिने माझ्या हातातून घेऊन साडीवरून स्वतःच्या कमरेला बांधला, डाव्या हाताने दाबून पाहिला, आणि मग बाकड्यावर बसून वर्षभराचं रडून घेतलं. मी तिला रडू दिलं आणि मशीनच्या चाकाला तेल घालत राहिलो.

त्या संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा मंडळींनी माझं बोट पाहिलं. धुऊनही लाली गेली नव्हती. तिने वर माझ्याकडे बघितलं.

"कामाचं हाय," मी म्हणालो. तिने ताटात भाकरी वाढली.